रांगेतला पहिला तो पहिला, हे मला पटत नाही

धडगावकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर नुकत्याच रुजू झालेल्या तरुण डॉक्टरांचा प्रश्न आहे: "उद्या पुन्हा साथ आली, आठवड्याला शंभर डोस मिळाले आणि घेणारे हजार असले, तर पहिला नंबर कोणाचा लावायचा? इथले जुने लोक म्हणतात, रांग लावा, जो आधी येईल त्याला द्या, म्हणजे कोणी बोट दाखवणार नाही. हे बरोबर आहे का?"

डॉक्टर, माझं उत्तर 'नाही' असं आहे. बोट कोणी दाखवणार नाही एवढं मात्र खरं, कारण रांगेत ज्यांचं नुकसान होतं ती माणसं बोट दाखवायला दवाखान्याच्या आवारात पोहोचलेलीच नसतात.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांत मिळून माझी सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यांत गेली. रांगेवर माझाही भरवसा होता. तो मे २०२१ मध्ये उडाला. त्या महिन्याच्या १ तारखेपासून कोविडची लस अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना खुली झाली होती, पण चव्वेचाळीसपर्यंतच्या वयाला कोविन या सरकारी नोंदणी संकेतस्थळावर आधी नंबर लावल्याशिवाय डोस मिळत नव्हता. आमच्या केंद्राला त्या दिवसासाठी शंभर डोस आले होते. सकाळी आठला मी पोहोचले तर चिंचेखाली बाहेरगावच्या पासिंगच्या गाड्या लागलेल्या. नाशिकची, सुरतेची मुलं. स्लॉट उघडताच त्यांनी मोबाइलवर आमचं केंद्र पकडलं होतं. त्यांनी काही चोरी केली नव्हती. कोणीही कुठलंही केंद्र निवडावं अशी सोयच होती. घाबरून आली होती बिचारी, काहींच्या घरातलं माणूस नुकतंच गेलेलं होतं.

दहाच्या सुमारास वरच्या पाड्यांवरच्या सात-आठ बायका डोंगर उतरून आल्या. आशाताईंनी त्यांना आठवडाभर समजावून तयार केलं होतं. पुढे होती तिने कमरेची प्लॅस्टिकची पिशवी सोडली, आधार कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. वय एक्केचाळीस. सिस्टरने यादीत नाव शोधलं, नव्हतं. बाईने कार्ड उचललं, पदराने पुसलं, पुन्हा त्याच पिशवीत तशाच घड्या घालून बांधलं. भांडली नाही. सावलीत बसून पाणी प्यायली आणि चार तासांची वाट परत चढायला लागली. पुढच्या तीन सत्रांना त्या पाड्यावरून कोणीही आलं नाही. आमचा त्या दिवसाचा अहवाल मात्र चोख होता: शंभर आले, शंभर दिले, वाया शून्य.

'आधी येईल त्याला' हा नियमसुद्धा निवडच करतो. मोबाइल आणि रेंज असलेल्याला निवडतो, गाडी असलेल्याला निवडतो, रोजंदारी न बुडवता अर्धा दिवस उभा राहू शकतो त्याला निवडतो. निवड टळत नसेल तर ती उघडपणे, कारण सांगून करावी, असं माझं ठाम मत झालं आहे.

पण नंबर ठरवण्याआधी एक काम करा. हातातले डोस वाढतात का ते पाहा. कोविशील्डच्या एका बाटलीत दहा डोस असत आणि उघडल्यापासून चार तासांत ती संपवावी लागे. कंपनी थोडी लस जास्तच भरते. सिस्टरचा हात बसलेला असेल, सिरिंजमध्ये हवा नीट काढली असेल, तर अकरावा डोस निघतो. केरळने मे २०२१ च्या सुरुवातीपर्यंत मिळालेल्या ७३ लाख ३८ हजार ८०६ डोसांतून ७४ लाख २६ हजार १६४ डोस दिले, ते अशाच हातांच्या जोरावर. पोलिओच्या इंजेक्शनच्या लशीचा जगभर तुटवडा होता तेव्हा, २०१६ साली, भारताने ०.५ मिलीच्या एका डोसाऐवजी ०.१ मिलीचे दोन डोस कातडीत द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी काँगोतल्या किन्शासा शहरात पीतज्वराच्या लशीचा पाचवा हिस्सा देऊन सत्तर लाखांवर लोकांना संरक्षण दिलं गेलं. अर्थात डोस छोटा करायचा की नाही हे तुम्ही-मी केंद्रावर ठरवायचं नसतं, तो वरचा आणि पुराव्यावरचा निर्णय. आपल्या हातात सिरिंज आणि आयएलआर, म्हणजे लस ठेवायचा फ्रिज. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. लस दोन ते आठ अंशांत राहिली नाही तर ज्याचा नंबर पहिला लावलात त्यालाच तुम्ही पाणी टोचलंत. तापमानाची वही दिवसातून दोनदा भरा, आणि ती शिपायाने अंदाजाने भरलेली नसावी.

आता नंबर. मी स्वतःला आधी विचारते की या लशीने आपल्याला काय साधायचं आहे. मरणं थांबवायची, पसरणं थांबवायचं, की दवाखाना चालू ठेवायचा? याचं उत्तर आजारावर आणि त्या लशीवर ठरतं, आपल्या मनावर नाही. कोविडमध्ये वय वाढेल तसा मरणाचा धोका उड्या मारत वाढत होता, म्हणून साठीच्या वरचे आधी. १९१८ च्या फ्लूने मात्र भर तारुण्यातली माणसं मोठ्या संख्येने नेली. तेव्हा लस असती तर यादी वेगळी निघाली असती. गोवराची साथ असेल तर पाच वर्षांखालची, त्यातही कुपोषित मुलं आधी. इंडोनेशियाने जानेवारी २०२१ मध्ये म्हाताऱ्यांऐवजी अठरा ते एकोणसाठ वयाच्या लोकांपासून सुरुवात केली, कारण त्यांच्याकडे असलेल्या लशीचा वृद्धांवरचा अभ्यास तेव्हा पुरेसा नव्हता आणि घराबाहेर पडणारी माणसं त्यांना आधी झाकायची होती. तिथल्या परिस्थितीत ते कारण समजण्यासारखं होतं. आपल्याकडे ते उचलून चाललं नसतं.

हे लोकांना समजावणं सोपं नसतं. अमळनेरकडच्या एका उपकेंद्रावर सत्तरीच्या एका बाबांनी मला हात धरून थांबवलं होतं. "माले कसाले देतस? मन्हा पोऱ्याले द्या, त्याले रोज मार्केटमा जानं पडस." कमावता हात आधी जपायचा, हा त्यांच्या घरचा हिशेब होता आणि त्यात लेकराची माया होती. मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि सांगितलं, "बाबा, पोऱ्या आजारी पडला तर बहुधा उठेल. तुम्ही पडलात तर तोच काम सोडून धुळ्याला तुमच्यासाठी बेड शोधत फिरेल." ते थोडा वेळ गप्प राहिले, मग बाही वर केली. घरातल्यांनी आपसात असा त्याग ठरवला तरी केंद्राने तो मान्य करू नये. एकदा 'कोण जास्त उपयोगाचा' हे मोजायला लागलो की म्हातारी विधवा, अपंग माणूस, वेडसर म्हणून गावाने टाकलेला कोणी, यांचा नंबर कधीच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने सप्टेंबर २०२० मध्ये लसवाटपासाठी जी तत्त्वं मांडली त्यांत समान आदर हे एक आहे. त्याचा आपल्या टेबलावरचा अर्थ मी असा लावते: धोका मोजा, माणसाची किंमत मोजू नका.

त्या तत्त्वांत आणखी एक होतं, परतफेडीचं. जो आपल्यासाठी धोक्यात उभा राहतो त्याचं आपण देणं लागतो. म्हणूनच १६ जानेवारी २०२१ ला देशात लस सुरू झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. इथे माझी एक चूक सांगते, कारण ती तुमच्याकडूनही होईल. मी त्या वेळी जिथे होते तिथली यादी आस्थापनेच्या पगारपत्रकावरून तयार झाली आणि मी सही केली. डॉक्टर होते, सिस्टर होत्या, लिपिक होते. खोली पुसणारी, वापरलेले पीपीई किट गोळा करणारी आणि शवाला प्लॅस्टिकमध्ये बांधायला हात लावणारी चार माणसं ठेकेदाराची होती, त्यांची नावं कागदावर कुठेच नव्हती. लिपिकाचा नंबर लागला आणि त्यांचा राहिला. त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, "मॅडम, आमचं कोणत्या दिवशी?" तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. नावं चढवून घ्यायला पुढे अकरा दिवस गेले.

मोठ्या ठिकाणीही हेच घडतं. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या रुग्णालयात डिसेंबर २०२० मध्ये पहिले पाच हजार डोस कोणाला द्यायचे ते एका संगणकी सूत्राने ठरवलं. तेराशेवर निवासी डॉक्टर होते, त्यांच्यातल्या फक्त सात जणांचा नंबर लागला. सूत्र वय आणि नेमणुकीचा विभाग बघत होतं. निवासी डॉक्टर तरुण, आणि त्यांची एका विभागात कायमची नेमणूक नसते. कोणी मुद्दाम वगळलं नव्हतं. यादी तयार झाली की ती घेऊन दवाखान्यातून एक फेरी मारा आणि दिसेल त्या प्रत्येक माणसाचं नाव तिच्यात आहे का ते बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

तुमच्या भागासाठी सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचं, वेगळं सांगायला हवं. १ मार्च २०२१ पासून पंचेचाळीस ते एकोणसाठ वयाच्या, सहव्याधी असलेल्या लोकांना लस मिळू लागली तेव्हा केंद्र सरकारने वीस आजारांची यादी दिली होती, आणि तिच्यात सिकलसेलचा आजार होता. म्हणजे कागदावर सातपुड्यातल्या माणसाचा विचार झाला होता. पण लाभ घ्यायला नोंदणीकृत डॉक्टरचं प्रमाणपत्र लागे. मधुमेहाचा शहरातला रुग्ण फॅमिली डॉक्टरकडून ते दहा मिनिटांत आणत होता. पाड्यावरचा सिकलसेलचा रुग्ण, ज्याला सांधे धरले की चार दिवस उठता येत नाही, त्याने ते कोणाकडून आणायचं? आम्ही जुन्या तपासणी रजिस्टरमधून रुग्णांची नावं काढली (वाहक वेगळे आणि रुग्ण वेगळे, ही गल्लत करू नका), प्रमाणपत्रं केंद्रातच लिहिली आणि आशाताईंच्या हाती घरी पाठवली. कागद ही माणसाची जबाबदारी आहे असं धरलं की अग्रक्रम छापील राहतो. ओळखपत्रच नसलेल्यांसाठीही मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने वेगळी कार्यपद्धती काढली होती. असा आदेश निघाला की तो फाइलला न लावता पहिल्यांदा पारध्यांच्या पालांवर नेऊन वापरा.

सारख्या धोक्याची चाळीस माणसं आणि डोस पंचवीस, असं झालं तर चिठ्ठ्या टाका. खरंच टाका. भिशीमुळे चिठ्ठी आपल्याकडे घराघरात माहीत आहे, तिच्यावर लोकांचा विश्वास आहे. चिठ्ठी शाळेतल्या पोराच्या हातून, सगळ्यांसमोर काढा. मात्र चिठ्ठी फक्त सारख्यांमध्ये. पासष्ट वर्षांची दम्याची रुग्ण आणि तीस वर्षांचा धडधाकट मुलगा एका डब्यात टाकणं म्हणजे ठरवायचं टाळणं.

दुसऱ्या डोसाचा प्रश्न याहून नाजूक आहे. पहिला घेतलेल्यांना दुसरा द्यायचा की तेवढ्या डोसांत नव्या माणसांना पहिला? ब्रिटनने डिसेंबर २०२० च्या अखेरीस दोन डोसांमधलं अंतर बारा आठवड्यांपर्यंत वाढवून जास्त लोकांना पहिला डोस दिला. आपल्याकडे कोविशील्डचं अंतर १३ मे २०२१ ला बारा ते सोळा आठवडे झालं. कोव्हॅक्सिनचं अंतर मात्र चार ते सहा आठवडेच राहिलं. त्याच सुमारास महाराष्ट्राने अठरा ते चव्वेचाळीस गटाचं लसीकरण तात्पुरतं थांबवून ते डोस पंचेचाळिशीवरच्यांच्या दुसऱ्या डोसाकडे वळवले. तरुण चिडले, पण मला तो निर्णय योग्य वाटला आणि आजही वाटतो. पहिला डोस टोचताना आपण दुसऱ्याचा शब्द दिलेला असतो. अंतर वाढवून तो शब्द पाळता येत असेल तर वाढवावं, पण विज्ञान अंतर वाढवू देत नसेल तर शब्द आधी.

हे सगळं साथीपुरतंच आहे असं समजू नका. २०१९ मध्ये देशात ठिकठिकाणी रेबीजच्या लशीचा तुटवडा पडला, तेव्हा हाच प्रश्न रोज ओपीडीत यायचा. लस स्नायूत द्यायची ती कातडीत, दोन ठिकाणी ०.१ मिली, अशी दिली की तेवढ्याच बाटल्यांत कितीतरी जास्त माणसं होतात. खरी ओढाताण सीरमची, म्हणजे जखमेत टोचायच्या तयार प्रतिपिंडांची. एकदा दोघे मागेपुढे आले: आधी पोटरीला एक वरवरची जखम झालेला शेतकरी, मागून गालाला आणि पापणीला कुत्र्याने फाडलेली सहा वर्षांची मुलगी. सीरम एकालाच पुरेल एवढं. जागतिक आरोग्य संघटनेचं यावर स्पष्ट सांगणं आहे की सीरम कमी असेल तर डोकं, मान, हात अशा जिथे मज्जातंतू दाट आहेत तिथल्या, खोल किंवा अनेक जखमांना ते आधी. विषाणू तिथून मेंदूपर्यंत लवकर पोहोचतो. शेतकऱ्याची जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुतली, लस लगेच सुरू केली, आणि सीरमसाठी गाडी करून जिल्ह्याला पाठवलं. तो आधी आला होता. त्याला मी कारण सांगितलं तेव्हा त्याने मुलीकडे बघितलं आणि म्हणाला, "तिले द्या." कारण सांगितलं की माणसं ऐकतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. न सांगता मागे सारलं की तेच माणूस चिडतं.

म्हणून नियम आधी भिंतीवर लावा. लशीचा डबा यायच्या आदल्या दिवशी, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि केंद्राच्या दारावर, ठळक अक्षरात: उद्या किती डोस, कोणत्या गटाला किती, उरले तर कोणाला. वाचता न येणाऱ्यांसाठी पाड्याच्या कारभाऱ्याला आणि पोलीस पाटलांना बोलावून त्यांच्या बोलीत सांगा, पावरी बोलणारी आशाताई असेल तर तिच्याकडून. यादी एकट्याने करू नका. तुम्ही, सिस्टर, आशाताई आणि गावातलं एक माणूस, ज्याला कोणत्याच पक्षाचं म्हणता येणार नाही, असे चौघं बसा आणि चौघांनी सह्या करा. तक्रारीची वही टेबलावर ठेवा आणि संध्याकाळी तिच्यातल्या प्रत्येक ओळीपुढे उत्तर लिहा.

उरलेल्या डोसांची राखीव यादी सगळ्यात महत्त्वाची, कारण फोन तेव्हाच येतात. दुपारी चार वाजता उघडलेल्या बाटलीत तीन डोस शिल्लक असतात आणि तास-दीड तास उरलेला असतो. माझा फोन अशा वेळी वाजला होता. एका वजनदार माणसाचे कार्यकर्ते: "मॅडम, साहेबांच्या घरची तीन माणसं पाठवतो, तसेही फेकूनच देणार ना तुम्ही." मी म्हटलं, फेकणार नाही, दारावर कागद आहे, त्यावर पुढची तीन नावं आहेत आणि ती माणसं अर्ध्या तासात पोहोचतील एवढ्या अंतरावरची आहेत. यादी नसती तर मी काय उत्तर दिलं असतं, मला सांगता येत नाही. राखीव यादीतली माणसं जवळच्या वस्तीतलीच घ्या, पण धोक्याच्या क्रमाने. आणि आपल्या घरच्यांची नावं तुमच्या केंद्राच्या राखीव यादीत कधीही टाकू नका, त्यांचा हक्क असला तरी. दुसऱ्या केंद्रावर पाठवा.

शेवटचं, न आलेल्यांची वही. आलेल्यांची नोंद सरकार मागतं, न आलेल्यांची कोणी मागत नाही. ती तुम्ही ठेवा. सत्र संपलं की यादीतलं कोण आलं नाही त्यापुढे कारण लिहायचं: नकार, आजारी, निरोप मिळाला नाही, ऊसतोडीला गेला. ही चार कारणं निराळी आहेत आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. दिवाळीनंतर तुमचे निम्मे पाडे गुजरातकडे आणि ऊसपट्ट्यात गेलेले असतील. त्यांचे डोस 'लाभार्थी अनुपस्थित' म्हणून दुसऱ्या गावाला वळवू नका, होळीला ते परत येतात, तेव्हाच्या हिशेबाने मागणी करा. मणिबेलीसारख्या नर्मदेकाठच्या गावांना बऱ्याचदा बोटीने जावं लागतं, तिथे तालुक्याचं सरासरीचं गणित लावलं तर त्यांच्या वाट्याला दर माणशी डोस सारखा येईल आणि पोहोचणार एकही नाही. तिथल्यासाठी डोसांबरोबर बोटीचं डिझेलही मागा, लेखी मागा.

तुमच्या केंद्राखाली किती पाडे येतात, त्यांतले किती नदीकाठचे आणि बाजार कोणत्या वारी भरतो, एवढं मला कळवा. सत्रांचं वेळापत्रक आपण दोघं मिळून मांडू.